संघ वाचनालयांचा, ग्रंथपाल कोणाचा?

दुर्गदबैल हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या मराठी कानाला त्यात बैलच ऐकू आला. दुर्गेचा बैल! हुबळीच्या त्या जुन्या बाजारात उभं राहून मी खरोखरच एखादा दगडी नंदी शोधत होतो. शेवटी एका पानवाल्याने हसत हसत सांगितलं, की बैल नव्हे हो, 'बयलु'. कन्नडमध्ये बयलु म्हणजे मोकळं मैदान. दुर्गद बयलु म्हणजे किल्ल्याचं मैदान. आता तिथे किल्लाही नाही आणि मैदानही नाही. आहेत ती दुकानं, हातगाड्या, भांडी, बांगड्या, कापड आणि संध्याकाळ झाली की गिरमिट आणि मिरची भज्यांचा घमघमाट.

आम्हा गोवेकरांना हुबळी काही परकी नाही. वास्कोहून लोंढ्याचा घाट चढून गेलेली रेल्वे आम्हाला शंभराहून अधिक वर्षं तिथे नेऊन सोडते आहे. लग्नाचा बस्ता, डॉक्टर, मशीनचे सुटे भाग, काहीही असो, 'हुबळीला जाऊन येऊया' हे आमच्याकडचं ठरलेलं उत्तर. मागच्या खेपेला घरातल्या लग्नाच्या इरकली साड्यांसाठी गेलो होतो. बायकांची खरेदी चालू होती आणि मी दुकानाच्या गादीवर एका कोपऱ्यात बसलो होतो. दुकानदार काका मराठी बोलणारे. त्यांची मराठी म्हणजे आमच्या कानाला गोड वाटणारी, कन्नडच्या तालावर हेलकावे खाणारी. ते मालमत्ता कराच्या पावत्या लावून ठेवत होते. मी सहज डोकावलो. आकडे कळत होते, अक्षरं कळत नव्हती.

"काय ओ, गोव्यात कर नाही काय?" काकांनी विचारलं.

"आहे की. पण तुमच्याकडे इतक्या ओळी कसल्या?"

काकांनी बोट ठेवून एकेक ओळ वाचून दाखवली. मूळ कर. त्यावर आरोग्य उपकर, शेकडा १५. त्यावर ग्रंथालय उपकर, शेकडा ६. त्यावर भिक्षुक उपकर, शेकडा ३.

"ग्रंथालय उपकर? म्हणजे तुम्ही लायब्ररीसाठी कर भरता?"

"भरतो की ओ. बाबा भरत होते, मीबी भरतो. एक हजार कर आला तर साठ रुपये लायब्ररीला. सगळेच भरतात."

एवढ्या साध्या वाक्याने मला त्या दिवशी गप्प केलं. कारण मी ज्या भाषेत लिहितो, ज्या भाषेतले लोक उठताबसता 'ग्रंथ हेच गुरू' म्हणतात, त्या भाषेच्या मुख्य राज्यात वाचनालयासाठी असा एक पैसाही कर नाही. आणि इथे दुर्गदबैलातला एक कापडवाला पिढ्यान्‌पिढ्या तो भरतो आहे, त्याचा अभिमान न बाळगता, त्यावर भाषण न करता.

मंडळी, हा लेख त्या पावतीमुळे लिहितो आहे. राग आला तर हरकत नाही. मला स्वतःचाही आला आहे.

*

आपण मराठी माणसं ग्रंथालय म्हटलं की छाती फुगवतो. फुगवायला कारणंही आहेत, ती आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी 'तुम्हाला इतिहास ठाऊक नाही' असं म्हणायला नको.

रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं. नाशिकचं १८४०. पुण्याचं आणि बेळगावचं १८४८. कोल्हापूरचं १८५०. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ आणि मुंबईचं १८९८. (आमच्या पणजीचं ग्रंथालय १८३२ चं, पण ते पोर्तुगीज सरकारचं, त्याची शेखी आम्ही मिरवू नये.) मग बडोद्याचे सयाजीराव. १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून आणलं, मध्यवर्ती ग्रंथालय उभारलं, १९११ मध्ये ग्रंथपालांना शिकवण्याचा वर्ग काढला आणि पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवल्या. खेड्यातल्या वाचनालयासाठी गावाने एक हिस्सा जमवायचा, प्रांत पंचायतीने एक आणि दरबाराने एक, असा हिशोब होता. १९१२ पासून तिथून ग्रंथालयांविषयीचं नियतकालिक निघू लागलं. इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तिन्ही भाषांत!

संघटनांचंही तसंच. आंध्रात १९१४ मध्ये ग्रंथालय संघ निघाला, देशातला पहिला. त्यानंतर सात वर्षांनी, १९२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या वाचनालयांचा संघ उभा राहिला. बंगालचा १९२५ मध्ये, मद्रासचा १९२८ मध्ये, कर्नाटकाचा १९२९ मध्ये आणि अखिल भारतीय संघ तर थेट १९३३ मध्ये, कलकत्त्याला. म्हणजे आपण या शर्यतीत जवळजवळ पहिलेच. आणखी एक. १९२४ मध्ये बेळगावात काँग्रेसचं अधिवेशन भरलं. गांधीजी त्याचे अध्यक्ष होते हे शाळेतलं पोरही सांगेल. पण त्याच मांडवाच्या आसऱ्याने अखिल भारतीय ग्रंथालय परिषद भरली होती आणि तिचे अध्यक्ष देशबंधू चित्तरंजन दास होते, हे आपल्याला कोणी सांगत नाही. त्या वेळी स्वराज्य आणि वाचनालय ही दोन वेगळी कामं मानली जात नव्हती.

आणि शेवटचा तुरा. १९४५ मध्ये सार्वजनिक वाचनालयांचा कायदा करणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं? कोल्हापूर! मराठी संस्थान. पुढे चार वर्षांत संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि तो कायदा इतिहासात राहिला, पण पहिला मान आपलाच.

तर एवढं सगळं पहिलं पहिलं करून शेवटी झालं काय? आपल्या खेड्यातल्या ग्रंथपालाच्या हातात आज महिन्याला किती पैसे पडतात, ते पुढे सांगतो. तोवर धीर धरा.

*

माझा मुद्दा एका शब्दापाशी अडला आहे. 'संघ'. संघ कोणाचा?

अमेरिकेत १८७६ मध्ये आणि लंडनला १८७७ मध्ये ग्रंथपाल एकत्र आले. माणसं एकत्र आली, इमारती नव्हेत. तिथल्या संघाचा सभासद म्हणजे एक माणूस, ज्याचा धंदा पुस्तकं लावणं, शोधणं आणि वाचकाला देणं हा आहे. लंडनच्या संघाला १८९८ मध्ये राजसनद मिळाली. पुढे परीक्षा घेणं, पात्र ग्रंथपालांची यादी ठेवणं ही कामं त्या संघाने आपल्या हातात घेतली. वकिलांनी आणि डॉक्टरांनी जे केलं तेच. आपल्या कामाची किंमत आपण ठरवायची, दुसऱ्याने ठरवलेली घ्यायची नाही.

आपल्याकडे 'ग्रंथालय संघ' म्हणजे ग्रंथालयांचा संघ. शब्दशः. सभासद कोण? वाचनालय. वाचनालयातर्फे मत कोण देणार? बहुतेक ठिकाणी अध्यक्ष, कार्यवाह नाहीतर कार्यकारिणीतलं कोणीतरी. म्हणजे वकील, मास्तर, डॉक्टर, व्यापारी, निवृत्त अधिकारी. भली माणसं. मी त्यांच्याविषयी वाईट बोलणार नाही, कारण त्यांच्यातल्या कित्येकांनी खिशातले पैसे घालून वाचनालयं जगवली आहेत. पण ती माणसं ग्रंथपालाची सहकारी नाहीत, मालक आहेत. त्याला नेमणारी, रजा देणारी, काढणारी. आता मला सांगा, गिरणीमालकांच्या मंडळाला कोणी गिरणी कामगारांची युनियन म्हणेल का? मग वाचनालयांच्या चालकांच्या संघाला आपण शंभर वर्षं ग्रंथपालांची संघटना कशी काय म्हणत आलो?

सुरुवातीला हे चाललं, कारण सुरुवातीला ग्रंथपाल नावाचा वेगळा प्राणी फारसा नव्हताच. वाचनालय ही चळवळ होती. चिटणीसच संध्याकाळी दिवा लावायचा, चिटणीसच पुस्तकं द्यायचा. १९२१ च्या मंडळींनी वाचनालयांचा संघ काढला तो बरोबरच काढला. पण पुढे काळ बदलला. वर्गीकरण आलं, तालिका आली, परीक्षा आल्या. १९४४ मध्ये मुंबईचा ग्रंथालय संघ निघाला तोवर ग्रंथपालन हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला होता. मद्रासला रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपले पाच सिद्धांत मांडून या कामाला शास्त्राची बैठक दिली होती. काम धंद्याचं झालं, संघ मात्र चळवळीचाच राहिला. दिवा लावणारा चिटणीस खुर्चीत जाऊन बसला आणि दिवा लावायला पगारी माणूस आला. त्या पगारी माणसाला संघात खुर्ची ठेवायची राहून गेली. राहून गेली की ठेवलीच नाही, ते तुम्ही ठरवा.

एकदा एका संघाच्या अधिवेशनात बोलायला मला बोलावलं होतं. नाव-गाव सांगत नाही. व्यासपीठावर अकरा माणसं होती. अकराही जणांचा सत्कार झाला, शाल-श्रीफळ झालं, मी मोजलं, त्यात ग्रंथपाल एकही नव्हता. ग्रंथपाल होते कुठे? नावनोंदणीच्या टेबलावर एक बाई होत्या, वाचनालयात चोवीस वर्षं काढलेल्या. दोघं जण चहा फिरवत होते. एक जण माईकच्या वायरी सांभाळत होता. समारोपात एका वक्त्याने ग्रंथपालांना 'ज्ञानमंदिराचे पुजारी' म्हटलं. टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. जेवणाच्या रांगेत त्या बाई माझ्यामागे उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "पुजाऱ्याला निदान दक्षिणा तरी मिळते हो."

ते वाक्य मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. आज लिहिलं, बरं वाटलं.

*

आता पैशांकडे येतो, आणि त्यासाठी पुन्हा दुर्गदबैलात यावं लागेल.

१९५६ पर्यंत हुबळी आणि पुणे एकाच राज्यात होती. धारवाड जिल्हा मुंबई इलाख्याचा. १९३९-४० मध्ये मुंबई सरकारने ग्रंथालयांच्या वाढीसाठी असफ फैजी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. फैजी हे कायद्याचे मोठे पंडित. त्यांच्या समितीने मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत उतरत जाणारी पायऱ्यांची योजना आखली आणि तिच्यात प्रादेशिक ग्रंथालयं तीन ठिकाणी सुचवली: मराठीसाठी पुणे, गुजरातीसाठी अहमदाबाद आणि कन्नडसाठी धारवाड. स्वातंत्र्याच्या आगेमागे ती उभीही राहिली. म्हणजे बघा, एकच सरकार, एकच समिती, एकच आराखडा. पुण्याचा ग्रंथपाल आणि धारवाडचा ग्रंथपाल एकाच रेघेवर उभे होते.

१ नोव्हेंबर १९५६ ला ती रेघ तुटली. धारवाड म्हैसूर राज्यात गेलं. आणि पुढच्या दहा-बारा वर्षांत दोन्हीकडे कायदे झाले.

म्हैसूर राज्याने १९६५ मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, १ नोव्हेंबर १९६६ पासून तो अमलात आला. त्यात कर होता. घरपट्टीसारख्या करांवर रुपयामागे तीन पैसे, ते पुढे सहा झाले. ग्रंथालय हे सरकारचं खातं झालं, त्यातला ग्रंथपाल सरकारी नोकर झाला.

महाराष्ट्राने १९६७ मध्ये कायदा केला, १९६८ च्या मे महिन्यात तो लागू झाला. त्यात कर नव्हता. वाचनालयं खासगी संस्थाच राहिली, त्यांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळाले आणि दर्जाप्रमाणे सरकारी अनुदान. ग्रंथालय संघांना कायद्यात जागा मिळाली, मान मिळाला, अनुदानही मिळालं. ग्रंथपालाला काय मिळालं? वाचनालयाला जे अनुदान मिळेल त्यातला वाटा.

तो वाटा किती? २०२२ मध्ये महाराष्ट्र सरकारने अनुदानात ६० टक्के वाढ केली. पेपरात मोठे मथळे आले. त्या वाढीनंतर ड वर्गातल्या वाचनालयाचं अनुदान झालं वर्षाला ४८ हजार रुपये. आधी ३० हजार होतं. यातली निम्मी रक्कम पगारासाठी धरतात. निम्मे म्हणजे २४ हजार. भागिले बारा. महिन्याला दोन हजार रुपये!

पुन्हा वाचा. आठवड्याचे नव्हेत, महिन्याचे. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला २९७ रुपये होता. सात दिवस माती उचलली तर ग्रंथपालाच्या महिन्यापेक्षा थोडे जास्तच हातात पडतात. आणि हा ६० टक्के वाढीनंतरचा हिशोब आहे, तिच्या आधी महिन्याचे साडेबाराशे होते. वरच्या वर्गांत आकडे मोठे आहेत, पण तिथे माणसंही जास्त असतात आणि गणित त्याच पद्धतीचं. पगार ठरतो तो कामावरून नाही, अनुदानावरून.

काकांच्या पावतीवर ग्रंथालयाच्या ओळीखाली भिक्षुकांची ओळ होती. शेकडा तीन. दुर्गदबैलात भिकाऱ्यांच्या सोयीसाठीसुद्धा कायद्याने बांधलेला कर आहे. आपल्या ग्रंथपालासाठी तेवढीही ओळ कोणाच्या पावतीवर नाही.

*

आता तुम्ही काय काय म्हणाल ते मला ठाऊक आहे. एकेक घेऊ.

तुम्ही म्हणाल, संघाने काहीच केलं नाही का? केलं. कायदा व्हावा म्हणून वर्षानुवर्षं ठराव केले, सरकारचा पिच्छा पुरवला. जिल्ह्याजिल्ह्यांतून प्रशिक्षण वर्ग चालवले आणि खेड्यातल्या हजारो मुलामुलींना पुस्तक कसं लावायचं ते शिकवलं. ते कर्ज आहेच. पण जो संघ माणसाला धंद्याचं शिक्षण देतो, त्याने त्या शिक्षणाची किंमतही मागायला नको का? वर्ग चालवायचा, प्रमाणपत्र द्यायचं आणि महिना दोन हजारांवर पाठवून द्यायचं, ही कसली दीक्षा? वेतनश्रेणीच्या शिफारशी करणाऱ्या समित्या झाल्या, व्यंकप्पा पत्की समितीचं नाव तर ग्रंथालयातल्या कोणालाही पाठ आहे. शिफारशी कागदावर राहिल्या. शेवटी कर्मचाऱ्यांना आपल्या वेगळ्या संघटना काढाव्या लागल्या. संघ असताना वेगळी संघटना काढावी लागणं, हाच संघाविरुद्धचा सर्वांत मोठा पुरावा.

तुम्ही म्हणाल, आमची वाचनालयं लोकांची आहेत, सरकारी नाहीत, त्यातच त्यांचं सत्त्व आहे. मान्य. हे मी मनापासून म्हणतो. गावातल्या वाचनालयाला जी ऊब असते ती सरकारी खात्याला कधीच येणार नाही. व्याख्यानमाला, दिवाळी अंकांची योजना, गणपतीतल्या स्पर्धा, हे खात्याच्या परिपत्रकाने होत नाही. पण या लोकांच्या संस्थेचा खर्च लोक कुठे देतात? अनुदान सरकारचं, इमारत कोणा शेठजीची आणि त्याग ग्रंथपालाचा. लोकांनी घातलेली वर्गणी म्हणजे महिन्याला एका चहा-भज्याचे पैसे! लोकाश्रयाची परंपरा सांगायची आणि लोकांकडून काही मागायचं नाही, असं कसं चालेल? केरळकडे बघा. तिथेही १९४५ पासून गावोगावच्या वाचनालयांचाच संघ होता, पी. एन. पणिक्कर यांनी बांधलेला. पण तिथे कायदा झाला तेव्हा कर आला. लोकांची संस्था आणि लोकांचा कर ही एकमेकांची वैरी नव्हेत.

तुम्ही म्हणाल, कर्नाटकात तरी काय मोठं सोनं पिकलंय? नाही पिकलं. बंगळूरच्या महापालिकेने ग्रंथालयाच्या नावाने गोळा केलेला कर ग्रंथालय खात्याकडे वेळेवर गेला नाही, थकबाकी शेकडो कोटींवर गेली, ही गोष्ट जगजाहीर आहे. सरकारी खातं म्हटलं की जे जे होतं ते ते तिथेही झालं. दुर्गदबैलाच्या काकांना मी विचारलंच, की एवढी वर्षं कर भरता, लायब्ररीत गेलात का कधी? तर हसून म्हणाले, "लहानपणी जात होतो. आता कुठला वेळ बघा." मराठी पुस्तकं मिळतात का? "विचारलंच नाही कधी."

पण मंडळी, फरक इथेच आहे. काका उद्या विचारू शकतात. त्यांच्या हातात पावती आहे. साठ रुपये दिले, माझं पुस्तक कुठे, असं ते काउंटरवर उभं राहून म्हणू शकतात, कन्नडमध्ये म्हणू शकतात आणि मराठी पुस्तकासाठीही म्हणू शकतात. थकलेल्या कराची बातमी होते, कारण थकलं म्हणायला आधी काहीतरी देणं लागतं. आपल्याकडे ग्रंथपालाचे पैसे कधी थकतच नाहीत. ती फक्त कृपा असते आणि कृपा उशिरा आली तर कोणी तिचा हिशोब मागत नाही. कर देणारा मालक असतो. अनुदानाची वाट बघणारा याचक असतो. आपण आपल्या वाचनालयांना सन्मानाने याचक केलं आहे आणि त्या याचकाच्या दारात ग्रंथपालाला उभं केलं आहे.

*

आता आमच्या गोव्याकडे. दुसऱ्याच्या घरातली धूळ दाखवून झाली, आपलं घर झाडायला नको?

गोव्याने १९९३ मध्ये ग्रंथालय कायदा केला. त्यात कराची तरतूद आहे. कशावर? सांगताना हसू येतं. दारूवर! घरपट्टीवर नाही, मद्यावर अधिभार. म्हणजे कर्नाटकात घर असलेला माणूस वाचनालय पोसतो, महाराष्ट्रात कोणीच नाही आणि आमच्या गोव्यात कायद्याने ते काम पिणाऱ्यावर सोपवलं आहे. उगाच नाकं मुरडू नका. महाराष्ट्राच्या कायद्यातल्या शून्यापेक्षा ते बरंच. उलट, एकही पुस्तक न उघडता जी मंडळी संध्याकाळी कोपऱ्यावर बसतात, ती आपल्या ज्ञानाच्या पाठीराख्यांत मोडतात, हे मला गोव्याच्या स्वभावाला धरूनच वाटतं.

पण त्या अधिभाराचे दरवर्षी किती जमतात आणि ते कोणत्या गावच्या कोणत्या कपाटात जातात, हे आपण वाचकांनी कधी विचारलं? मी नाही विचारलं. मराठी की कोकणी यावर आम्ही पन्नास वर्षं भांडलो, त्यात मीही होतो, शाई मीही सांडली. त्यातला एक दिवस जरी आम्ही गावच्या वाचनालयातल्या बाईंच्या पगारावर भांडलो असतो तर दोन्ही भाषांचं भलं झालं असतं. ती बाई मराठी पुस्तकही देते आणि कोकणीही. तिच्या टेबलावर वाद नाही.

*

म्हणून, रागाच्या भरात नाही तर पावती समोर ठेवून, तीन गोष्टी मागतो.

पहिली. प्रत्येक जिल्ह्याच्या ग्रंथालय संघात निम्म्या जागा पगारी ग्रंथपालांच्या असाव्यात, मतासकट. चहा देणाऱ्याला व्यासपीठावर बसवा आणि व्यासपीठावरच्याला एकदा चहा देऊ द्या. शंभर वर्षांनी संघाच्या नावात 'ग्रंथालय' राहिलं तरी चालेल, पण घटनेत 'ग्रंथपाल' आला पाहिजे.

दुसरी. महाराष्ट्राच्या कायद्यात ग्रंथालय उपकर यावा. शेकडा सहा नको, एक घ्या. हजारावर दहा रुपये. आणि तो मागायचा ठराव अधिवेशनात संघाने स्वतः करावा, अनुदानवाढीच्या ठरावाच्या आधी. लोकांकडे मागायला लाजू नका. जी माणसं गणपतीला पाचशेची पावती फाडतात ती पुस्तकाला दहा रुपये देतील. आणि नाही दिले तर 'वाचनवेडा महाराष्ट्र' हे वाक्य आपण सभांमधून काढून टाकू, निदान खोटं बोलणं तरी थांबेल.

तिसरी, आम्हा गोवेकरांसाठी. अधिभाराचा हिशोब दर वर्षी प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयाच्या भिंतीवर लागला पाहिजे. मराठीत, कोकणीत, इंग्रजीत, कशातही. आकड्यांना भाषा नसते.

त्या दिवशी खरेदी आटोपून आम्ही दुकानातून उतरलो तेव्हा दिवे लागले होते. समोर गाडीवर गिरमिट घेतलं. गिरमिटवाल्याने द्रोण म्हणून कागद गुंडाळून दिला होता. खाऊन झाल्यावर सवयीने मी तो उलगडून बघितला. कुठल्याशा कन्नड पुस्तकाचं पान होतं. मला एक अक्षर वाचता आलं नाही. मागून काकांनी हाक मारली, पिशवी विसरलो होतो. पिशवी देताना म्हणाले, "पुढच्या खेपेला या, लायब्ररीत जाऊया दोघं. बघू तरी आपले पैसे कुठं गेले."

जाणार आहे. पण त्याआधी माझ्या गावच्या वाचनालयात जाऊन त्या बाईंना एवढंच विचारायचं आहे, की बाई, या महिन्याचे पैसे मिळाले का?